लोण्याचा रंग आणि उंदराचं यकृत

युरोप-अमेरिकेतल्या गायींना हिवाळ्यात हिरवा चारा मिळत नाही. मग दुधातलं कॅरोटीन घटतं आणि लोणी फिकट पडतं. गिऱ्हाइकाला मात्र बारा महिने उन्हाळ्यातलं पिवळंधमक लोणी हवं असतं. आपल्याकडे म्हशीच्या पांढऱ्याशुभ्र लोण्याला कुणी नाक मुरडत नाही. तिकडे ती सवय नव्हती. त्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मार्गारीन बाजारात आलं, ते तर जन्मतःच फिकट. तेव्हा रंगाच्या कारखान्यांनी दगडी कोळशाच्या डांबरापासून घडवलेल्या रंगांपैकी एक पुढे केला. रासायनिक नाव डायमिथिलअमिनोॲझोबेंझीन. तेला-तुपात चटकन विरघळणारा, चिमटीभरात काम भागवणारा आणि स्वस्त. व्यापारात त्याला ‘बटर यलो’ म्हणू लागले. बारावीच्या प्रयोगशाळेत आम्ल-अल्कलीचं अनुमापन करताना ज्याचे थेंब टाकतात, ते मिथिल ऑरेंज याचंच सख्खं भावंड. बटर यलोच्या रेणूला एक सल्फोनिक गट जोडला की मिथिल ऑरेंज होतं.

हा रंग पोटात गेल्यावर काय होतं, ते ओसाका विद्यापीठात रिओजुन किनोशिता यांनी 1936-37 च्या सुमारास दाखवलं. पण ती गोष्ट ओसाकात सुरू होत नाही.

लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी 1775 मध्येच धुराडी साफ करणाऱ्यांच्या वृषणकोशावर होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. पण जनावरात तो मुद्दाम घडवून दाखवणं पुढची सव्वाशे-दीडशे वर्षं कुणाला जमलं नाही. टोकियोत कात्सुसाबुरो यामागिवा आणि त्यांचे सहकारी कोइची इचिकावा यांनी सशांच्या कानांना डांबर चोळायला घेतलं आणि महिनोन्महिने चोळत राहिले. असले प्रयोग आधीही झाले होते. आधीचे कंटाळले, हे दोघे कंटाळले नाहीत. 1915 मध्ये त्या कानांवर खराखुरा कर्करोग उगवला. पुढे 1926 चं नोबेल मात्र डेन्मार्कच्या योहानेस फिबिगर यांना गेलं. कृमींमुळे उंदरांच्या जठरात कर्करोग होतो, हा त्यांचा शोध. तो पुढे सपशेल चुकीचा ठरला. नोबेल समितीला तोंड लपवावं लागलेल्या प्रसंगांत हा बराच वरचा.

डांबराची एक मर्यादा होती. जिथे चोळावं तिथेच गाठ यायची, त्यामुळे सतत चोळल्यानेच ती आली असं म्हणायला जागा राहायची. टोकियोतल्याच सासाकी इन्स्टिट्यूटमध्ये ताकाओकी सासाकी आणि त्यांच्या हाताखालचे तरुण विकृतिशास्त्रज्ञ तोमिझो योशिदा यांनी वेगळी वाट धरली. बर्नहार्ड फिशर या जर्मन संशोधकाने 1906 मध्ये ‘स्कार्लेट रेड’ नावाचा लाल रंग सशाच्या कानात टोचला होता. तिथल्या कातडीच्या पेशी भराभर वाढल्या, पण कर्करोग झाला नाही. डॉक्टरांनी त्यातून सोयीचा तेवढा अर्थ काढला आणि त्या रंगाचं मलम न भरणाऱ्या जखमांवर लावायला सुरुवात केली. योशिदांनी त्याच रेणूचा एक भाग असलेला ऑर्थो-अमिनोॲझोटोल्युइन घेतला आणि तो तेलात कालवून, भाताच्या खाद्यातून पांढऱ्या उंदरांना खाऊ घातला. 1932 मध्ये निकाल हाती आला: उंदरांच्या यकृतात कर्करोग.

रंग तोंडावाटे गेला, जठरातून आणि आतड्यातून उतरला, आणि गाठ आली ती यकृतात. चोळाचोळीचा प्रश्नच उरला नाही. 1936 मध्ये सासाकी आणि योशिदा यांना जपानच्या अकादमीचं शाही पारितोषिक मिळालं. आणि किनोशितांनी त्याच रंगांच्या गोतावळ्यात शोधाशोध केली, तेव्हा त्यांच्या हाती लागला बटर यलो. तो योशिदांच्या रंगाहून जोरकस निघाला. गाठी आणखी लवकर आल्या. फरक एवढाच की योशिदांचा रंग कुणी पोळीला लावून खात नव्हतं.

हळूहळू एकेका देशातून बटर यलो खाद्यपदार्थांबाहेर गेला. प्रयोगशाळांत मात्र त्याची बरकत झाली. हुकमी कर्करोग देणारा, डोळ्यांना दिसणारा, सहज मोजता येणारा पदार्थ संशोधकांना दुसरीकडे कुठे मिळणार? जर्मनीत हेरमान ड्रुक्रे याने वेगवेगळ्या मात्रा देऊन उंदरांचा हिशोब मांडला. रोज जास्त दिलं तर गाठ लवकर, कमी दिलं तर उशिरा. पण पोटात गेलेल्या एकूण रंगाची बेरीज जवळपास तेवढीच. कर्करोगजनक पदार्थाची कुठलीही मात्रा निर्धोक नसते, अशा विचाराला त्यातून बळ मिळालं. माणूस नाझी पक्षाचा होता, आणि खाद्यरंगांविरुद्ध तळमळीने बोलणाराही होता. इतिहासात असली माणसं भेटतात, त्यांचं काय करायचं ते ज्याने त्याने ठरवावं.

जपानी उंदीर भातावर होते, हा तपशील आधी कुणाला महत्त्वाचा वाटला नव्हता. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये केन्सलर, सुगिउरा, ऱ्होड्स आणि त्यांचे सहकारी यांनी 1941 मध्ये भाताच्या खाद्यात केसिन हे दुधातलं प्रथिन आणि रायबोफ्लेविन म्हणजे बी-2 जीवनसत्त्व घातलं. तोच रंग, तेच उंदीर, पण कितीतरी जणांची यकृतं वाचली. कारण पुढे उलगडलं: बटर यलोचा रेणू मधोमध तोडून त्याला निकामी करणाऱ्या यकृतातल्या एन्झाइमला रायबोफ्लेविन लागतं. ते कमी पडलं की रंग शाबूत राहतो. म्हणजे रंगाइतकाच प्रश्न यकृत त्या रंगाचं काय करतं याचाही होता.

तो प्रश्न धसास लावला एका नवरा-बायकोने. जेम्स मिलर आणि एलिझाबेथ मिलर. अमेरिकेतल्या मॅडिसन गावी, विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅकार्डल प्रयोगशाळेत दोघांनी जन्मभर एकत्र काम केलं. त्यांचा 1947 चा प्रयोग पाहण्यासारखा आहे, कारण त्यात डोळे आणि चिकाटी यांपलीकडे फारसं काही लागलं नाही. बटर यलो खाल्लेल्या उंदराचं यकृत काढून बारीक वाटायचं. आम्ल घालून त्यातली प्रथिनं तळाला बसवायची. मग तो गाळ गरम अल्कोहोलने धुवायचा, पुन्हा धुवायचा, पुन्हा धुवायचा. रंग अल्कोहोलमध्ये सहज विरघळतो, त्यामुळे तो निघून जायला हवा. धुतलेलं अल्कोहोल अगदी निवळशंख झालं तरी गाळात रंगाची छटा राहिलीच, आणि आम्लात घातल्यावर ती गुलाबी झाली. अमिनोॲझो रंगांची ही ठरलेली खूण. रंग प्रथिनांना चिकटला होता, आणि धुऊन निघत नव्हता म्हणजे नुसता चिकटला नव्हता, रासायनिक बंधाने जखडला गेला होता. कर्करोग होणाऱ्या यकृतात हा जखडलेला रंग भरपूर, इतर अवयवांत जवळपास नाही.

पण बाटलीतला बटर यलो प्रथिनात मिसळून ठेवला तर असा जखडत नाही. म्हणजे यकृतात गेल्यावर तो दुसरंच काही होत असला पाहिजे. रक्तातले परके पदार्थ पकडायचे, त्यांना पाण्यात विरघळतील असे करायचे आणि लघवीवाटे बाहेर घालवायचे, हे यकृताचं काम. त्या कामाच्या ओघातच ते एका साध्या रंगाचं रूपांतर असल्या रेणूत करत होतं, जो शेजारच्या प्रथिनाला आणि डीएनएला जाऊन बिलगतो. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा टप्पा वाटतो. विष बाहेरून आलेलं नव्हतं. आला होता तो कच्चा माल, आणि विष घरातच तयार होत होतं.

मिलर दांपत्याला याचा पक्का पुरावा मिळायला आणखी तेरा वर्षं लागली, आणि तो दुसऱ्याच पदार्थातून आला. अमेरिकेच्या कृषिखात्यात ॲसिटिलअमिनोफ्लुओरीन हे नवं कीटकनाशक म्हणून तपासलं जात होतं. विल्सन, डीएड्स आणि कॉक्स यांनी ते उंदरांना खाऊ घातलं आणि 1941 मध्ये जाहीर केलं की मूत्राशय, यकृत अशा निरनिराळ्या अवयवांत गाठी येतात. पदार्थ शेतात कधीच गेला नाही. प्रयोगशाळांनी तो उचलला. 1960 मध्ये क्रेमर आणि मिलर दांपत्याने दाखवलं की यकृत या रेणूतल्या नायट्रोजनला ऑक्सिजन जोडतं, आणि त्या पायरीवर तो घातक होतो. गिनीपिगचं यकृत ही जोडणी करत नाही. तोच पदार्थ कितीही खाल्ला तरी गिनीपिगला कर्करोग होत नव्हता, त्याचं कारण हे.

याच मुद्द्याचा एक विलक्षण दाखला हैदराबादेत मिळाला. पोषण संशोधन प्रयोगशाळेत माधवन आणि गोपालन यांनी उंदरांना अफ्लाटॉक्सिन दिलं. खराब शेंगदाण्यावरच्या बुरशीत असतं ते विष. 1960 मध्ये इंग्लंडात टर्कींचे कळपच्या कळप मेले, तेव्हा ते उजेडात आलं. माधवन-गोपालन यांच्या उंदरांच्या एका गटाच्या खाद्यात 20 टक्के प्रथिन होतं, दुसऱ्याच्या 5 टक्के. कुपोषित उंदरांना विष जास्त बाधेल अशी कुणाचीही समजूत असणार, आणि सुरुवातीचा तडाखा त्यांना बसलाही. पण 1968 मध्ये छापलेल्या त्यांच्या निकालात कर्करोग झाला होता तो पोटभर प्रथिन खाल्लेल्यांना. कारण प्रथिन कमी पडलं की अफ्लाटॉक्सिनचं घातक रूपांतर करणारी एन्झाइमंही घटतात. न्यूयॉर्कच्या उंदरांना केसिनने वाचवलं, हैदराबादच्या उंदरांना केसिनने मारलं. यावरून माणसाच्या आहाराबद्दल फर्मान काढणारी पुस्तकं पुढे निघाली. ती वाचताना 5 टक्के प्रथिनावरच्या उंदरांची वाढ कशी खुंटली होती तेही विचारावं.

इथवर गोष्ट एका घावाची होती. दुसरा धागा ऑक्सफर्डमध्ये कातडीवरच्या प्रयोगांतून आला होता आणि त्याचं साधन आपल्या आजीबाईंना ठाऊक असलेलं होतं: जमालगोट्याचं तेल. आयझॅक बेरेनब्लूम आणि फिलिप शूबिक यांनी 1947 मध्ये उंदराच्या पाठीला कर्करोगजनक पदार्थ एकदाच, अगदी थोडा लावला. त्याने काही झालं नाही. त्यानंतर त्याच जागी आठवड्यामागून आठवडे जमालगोट्याचं तेल लावलं, आणि गाठी आल्या. नुसतं तेल लावलं तर जवळपास काहीच नाही. क्रम उलटा केला, आधी तेल आणि मग तो पदार्थ, तरी नाही. पहिल्या टप्प्याला ‘इनिशिएशन’ म्हणजे आरंभ आणि दुसऱ्याला ‘प्रमोशन’ म्हणजे प्रवर्तन ही नावं रूढ झाली. पहिल्याने डीएनएवर कायमची खूण उमटते. दुसरं त्या खुणेच्या पेशींना वाढायला मोकळं रान देतं.

हे फक्त कातडीत चालतं की आतल्या अवयवातही, हे कळायला 1971 उजाडलं. शिकागोजवळच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत कार्ल पेरैनो आणि सहकाऱ्यांनी दूध नुकतंच सुटलेल्या उंदरांना जेमतेम तीन-चार आठवडे ॲसिटिलअमिनोफ्लुओरीन दिलं आणि थांबवलं. मग खाद्यात फेनोबार्बिटल घालायला सुरुवात केली. हे 1912 पासून अपस्माराच्या रुग्णांना दिलं जाणारं औषध. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांतही ते अजून मिळतं. नंतर फेनोबार्बिटल मिळालेल्या उंदरांत यकृताच्या गाठी पुष्कळ वाढल्या. गंमत पुढे आहे. दोन्ही पदार्थ एकाच वेळी दिले तर गाठी उलट कमी झाल्या.

सोबत दिलेलं फेनोबार्बिटल यकृतातल्या एन्झाइमांचा कारखाना फुगवतं आणि कर्करोगजनक पदार्थाचा निरुपद्रवी वाटेने निकाल लावतं. नंतर दिलेल्या फेनोबार्बिटलला निकालात काढायला काही उरलेलं नसतं; समोर असतात त्या आधीच खूण झालेल्या पेशी, आणि त्या पेशी या औषधाच्या तालावर आपल्या शेजाऱ्यांपेक्षा जास्त वाढतात. औषध एक, मात्रा एक, उंदीर एकाच जातीचे. तारखा तेवढ्या बदलल्या आणि रक्षक होता तो भक्षक झाला. पेरैनोंनी पुढे डीडीटीचंही प्रवर्तक म्हणून वागणं असंच दाखवलं.

मॅकार्डलमध्येच हेन्री पिटॉट यांनी 1978 मध्ये हा प्रयोग आणखी नेटका केला. उंदराच्या यकृताचा दोनतृतीयांश भाग कापून काढायचा. यकृत काही दिवसांत पुन्हा भरून येतं. पेशी अशा घाईने दुभंगत असताना डायइथिलनायट्रोसअमाईनचा एकच लहान डोस द्यायचा. एरवी तेवढ्याने कर्करोग होत नाही. नंतर महिनोन्महिने फेनोबार्बिटल. यकृताचे पातळ काप घेऊन गामा-ग्लुटामिल ट्रान्सपेप्टिडेज या एन्झाइमसाठी रंगवले, की निरोगी भाग फिका राहतो आणि बिघडलेल्या पेशींचे पुंजके गडद ठिपक्यांसारखे उठून दिसतात. गाठ यायच्या कितीतरी आधी आता ठिपके मोजता येऊ लागले, त्यांचा आकार मोजता येऊ लागला. आणि प्रवर्तक बंद केला तर त्यांतले बरेच ठिपके मावळतात, हेही दिसलं. पहिला घाव पुसला जात नाही. दुसऱ्याची मेहनत वाया घालवता येते.

ठिपके मोजायची ही रीत मुंबईतही आली. टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन संस्थेत 1990 च्या दशकात आणि त्यानंतर जे पदार्थ तपासले गेले, ते थेट आपल्या बाजारातले होते: मॅलाकाइट ग्रीन आणि मेटॅनिल यलो. पहिला भाजी हिरवीगार दिसावी म्हणून चोरून वापरतात. दुसरा जिलबी, लाडू, तूरडाळ आणि हळद पिवळी दिसावी म्हणून. मेटॅनिल यलो खाद्यात वापरायला परवानगी नाही, तरी भेसळ पकडणाऱ्यांच्या यादीत तो वर्षानुवर्षं ठाण मांडून आहे. डायइथिलनायट्रोसअमाईन दिलेल्या उंदरांना नंतर हे रंग दिले की यकृतातले ठिपके वाढत होते. मिठाईवाल्याचा पिवळा रंग एकटा काय करतो, एवढंच तपासून भागणार नव्हतं. तो कुणाच्या मागून येतो, हेही पाहावं लागणार होतं.

फेनोबार्बिटलचं काय? लाखो माणसं ते वर्षानुवर्षं घेत होती. डेन्मार्कमध्ये अपस्माराच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि यकृताचा कर्करोग खरोखरच जास्त आढळला. क्षणभर वाटावं, उंदीर बरोबर बोलले. पण बारकाईने पाहिल्यावर दिसलं की त्यांतल्या अनेकांना मेंदूच्या क्ष-किरण तपासणीसाठी थोरोट्रास्ट हे किरणोत्सारी द्रव्य टोचलेलं होतं, आणि ते यकृतात साठून राहतं. थोरोट्रास्ट वजा केलं की गुन्हा फेनोबार्बिटलवर टिकत नव्हता. 2004 मध्ये नेगिशी आणि सहकाऱ्यांनी यकृताच्या पेशीतला ‘कार’ नावाचा ग्राही काढून टाकलेले उंदीर वापरले. त्यांच्यात फेनोबार्बिटलने गाठी वाढल्याच नाहीत. म्हणजे या औषधाला डीएनएशी भांडण नव्हतं. त्याला फक्त एक कळ दाबायची होती, आणि ती कळ माणसात तशीच चालते का, हा वेगळा प्रश्न होता.

कळीचा सर्वांत गाजलेला खटला मात्र क्लोफायब्रेटचा. रक्तातली चरबी उतरवणारं हे औषध 1960 च्या दशकात आलं. ते खाल्लेल्या उंदरांची यकृतं फुगत आणि पेशींमध्ये पेरॉक्सिसोम नावाच्या कणिका खच्चून भरत, हे 1965-66 मध्येच दिसलं होतं. कॅन्ससमध्ये डोनाल्ड स्वोबोडा आणि डॅनियल अझारनॉफ त्यावर काम करत होते. भारतातून तिथे गेलेले विकृतिशास्त्रज्ञ जनार्दन रेड्डी या कणिकांच्या मागे लागले ते कायमचेच. पुढे शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात असताना 1980 मध्ये त्यांनी अझारनॉफ आणि हिग्नाइट यांच्यासह ‘नेचर’मध्ये लिहिलं की पेरॉक्सिसोम वाढवणारी ही चरबीनाशकं कर्करोगजनकांचा एक नवाच वर्ग आहेत. ती डीएनएला चिकटत नाहीत, जिवाणूंवरच्या चाचणीत निर्दोष सुटतात, आणि तरी उंदरांच्या यकृतात कर्करोग घडवतात. मिलर दांपत्याच्या शिकवणीत वाढलेल्या पिढीला हे पचायला जड होतं. पेरॉक्सिसोममध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि त्याला विझवणारं कॅटालेज त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून पेशी आतून भाजून निघते, असं रेड्डींचं म्हणणं होतं.

औषध कंपन्यांचे श्वास अडकले असणार. 1990 मध्ये इंग्लंडातल्या आयसीआय कंपनीच्या विषशास्त्र प्रयोगशाळेत इसेमान आणि ग्रीन यांनी या औषधांची कळ शोधून काढली, पीपार नावाचा ग्राही. क्लोफायब्रेट याच कंपनीचं होतं, हे ध्यानात ठेवण्यासारखं. 1997 मध्ये पीटर्स, कॅटली आणि गोन्झालेझ यांनी तो ग्राही नसलेल्या उंदरांना सुमारे 11 महिने अशाच जातीचं एक जहाल रसायन दिलं. साध्या उंदरांची यकृतं गाठींनी भरली, ग्राही नसलेल्यांची स्वच्छ राहिली. माणसाच्या यकृतात हा ग्राही उंदराच्या मानाने बराच कमी असतो, आणि अशी औषधं घेणाऱ्या रुग्णांच्या यकृताचे तुकडे तपासले तर पेरॉक्सिसोमची तसली भरती दिसत नव्हती. क्लोफायब्रेटचं धाकटं भावंड फेनोफायब्रेट म्हणूनच आजही औषधाच्या दुकानात मिळतं.

प्लास्टिक मऊ करणाऱ्या डीईएचपी या रसायनालाही हाच बचाव लागू झाला. सलाइनच्या आणि रक्ताच्या पिशव्यांत ते असतं. 1982 मध्ये अमेरिकेच्या चाचणीत त्याने रॅट आणि माउस या दोन्ही जातींच्या उंदरांत यकृताच्या गाठी आणल्या आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसाला कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत घातलं. 2000 मध्ये, गाठी पीपारमार्गे येतात आणि माणसाचं यकृत तसं वागत नाही असा निवाडा देऊन, त्याला त्या यादीतून खाली उतरवलं. मग 2007 मध्ये जपानी संशोधकांनी पीपार नसलेल्या उंदरांना जवळपास दोन वर्षं डीईएचपी खाऊ घातलं. गाठी आल्याच, आणि ग्राही असलेल्या उंदरांपेक्षा जास्त आल्या. 2011 मध्ये संस्थेच्या तज्ज्ञांची पुन्हा बैठक बसली आणि डीईएचपी परत वरच्या यादीत गेलं.